सारा उंगरचा उजवा हात

मित्रांनो, माझ्याकडे नीट बघा. मी एक जुना फोटो आहे आणि जुना असण्याची मला अजिबात लाज वाटत नाही. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, एका कोपऱ्याला कसर लागली आहे आणि वरपासून खालपर्यंत एक भेग गेली आहे. भेगेची हकिकत पुढे येईलच. पण माझ्यातली सहाही माणसं जागच्या जागी आहेत. सत्तरएक वर्षं सहा माणसांना एका जागी ठेवणं ही साधी गोष्ट नाही. खोटं वाटत असेल तर तुमच्या वर्गातल्या बाईंना विचारा.

माझा जन्म १९२४ साली दक्षिण रशियातल्या एका खेड्यात झाला. तिथे मेनोनाइट पंथाचे शेतकरी राहत. ती ख्रिस्ती माणसं होती, पण त्यांची रीत न्यारी. हातात शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, आणि शपथ लागूच नये इतकं सरळ बोलायचं. घरात जुनी जर्मन बोली आणि शेतात गहू. पुढे युद्ध झालं, राज्य उलथलं, लूटमार झाली आणि त्यामागून दुष्काळ आला. तेव्हा पुष्कळ घरांनी कॅनडाला जायचं ठरवलं.

हाइनरिख उंगर हा त्यांतलाच एक. निघायच्या तयारीत असताना गावात एक फिरता फोटोग्राफर आला. पंथातल्या वडीलधाऱ्यांना फोटो पसंत नव्हते. आपलंच रूप कौतुकाने बघत बसणं म्हणजे गर्व, असं ते म्हणत. हाइनरिखने त्यांना उत्तर दिलं, "रूप बघायला नाही, मोजून घ्यायला काढतोय. सगळे आहेत एवढं दिसलं की झालं."

अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, मागे चादर बांधली आणि मी तयार झालो. उजवीकडे हाइनरिख बसला आहे, त्याच्या मागे दोन मुलगे उभे. शेजारच्या खुर्चीवर त्याची बायको सारा. तिच्या डाव्या हातावर तान्ही लीसे आहे आणि उजवा हात शेजारी उभ्या असलेल्या आगाथाच्या खांद्यावर. आगाथा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे डोळे अर्धेच उघडे आहेत, पापण्या जड दिसतात. उन्हाने दिपले असतील असं फोटोग्राफरला वाटलं. पण ते ऊन नव्हतं. तिच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या होत्या.

भाजून कडक केलेल्या पावांची गोणी, अंथरुणं, एक पेटी आणि पेटीत मी, असे आम्ही निघालो. आगगाडीने सरहद्द ओलांडली, मग जहाजाने इंग्लंडच्या एका बंदरात आलो. पुढच्या जहाजात चढण्याआधी डॉक्टर प्रत्येकाच्या पापण्या उलट्या करून बघत. पाच जण पास झाले. आगाथाला मागे काढलं. बरी होईपर्यंत तिने बंदराजवळच्या छावणीत राहायचं आणि बाकीच्यांनी पुढे जायचं, नाहीतर सगळ्यांनीच माघारी फिरायचं. माघारी घर उरलं नव्हतं.

साराने पेटी उघडून मला बाहेर काढलं आणि आगाथाच्या हातात दिलं. ती म्हणाली, "हे बघ, इथे तू आमच्यातच आहेस. आम्ही पुढे गेलो तरी इथून कुणी कुठे जात नाही."

मित्रांनो, त्या वाक्याने माझ्यावर एक काम टाकलं, आणि ते काम मी केलं. दोन वर्षं आगाथा त्या छावणीत राहिली. दिसायचं अंधुक, म्हणून ती मला नाकाशी धरायची. रोज सकाळी उजवीकडून डावीकडे एकेकाला नावाने हाक मारायची, तुम्ही पाढे म्हणता तशी, आणि शेवटी स्वतःलाही. बरी झाल्यावर ती एकटीच कॅनडाला निघाली. सस्कॅचेवानमधल्या एका छोट्या स्टेशनवर तिला न्यायला आई आली होती, भाऊ आले होते. आगाथा मला हातात धरून त्यांच्या मागे बघत राहिली. हाइनरिख नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला होता.

म्हणून मी म्हणतो, माझ्यासारखा दुसरा फोटो नाही. सहाही जण एकत्र आहेत ते फक्त माझ्यात.

त्यानंतरचे दिवस मानाचे होते. मी स्वयंपाकघरात टेबलावर राहिलो. नवीन सून आली, जावई आला, की आधी त्यांना माझ्यापुढे उभं करत. आगाथाचं लग्न झालं तेव्हा ती मला घेऊन गेली. पुढे रंगीत फोटो आले, भिंतीवर नातवंडं हसायला लागली आणि मी खणात गेलो, विजेच्या बिलांखाली. मी तक्रार करत नाही. खणात ऊन लागत नाही, रंग टिकतो. पण आगाथा म्हातारी झाल्यावर तो खण कधीमधी उघडायची, तेव्हा मला बरं वाटायचं.

आगाथाला एकच मुलगी, मार्टा. ती बहरीनमध्ये नर्सिंग शिकवायची. सलमानियाच्या मोठ्या इस्पितळापासून जवळच तिचा फ्लॅट होता. १९९६ च्या जानेवारीत तिला कॅनडाहून फोन आला. ती पोचली तेव्हा तिकडे बर्फ पडत होतं आणि आगाथा गेलेली होती. शेवटच्या घटकेला आईच्या उशाशी कोणी नव्हतं. दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी कसं बसावं हे मार्टा वर्षानुवर्षं शिकवत आली होती. ती याबद्दल कुणाशी बोलली नाही. भांडी धुतली, आईचे कपडे घड्या करून वाटले, खण रिकामे केले. तेव्हा मी सापडलो.

माझ्यातली तान्ही लीसे आता सत्तरी ओलांडलेली मावशी होती. ती म्हणाली, "तू ने. पण जुलैत सगळे जमू तेव्हा परत आण, आणि प्रत्येक घराला एक एक प्रत कर. आम्हा सहा जणांत आगाथा उभी असलेली एवढी एकच जागा आहे."

मार्टाने मला दोन लोकरी स्वेटरांच्या मध्ये ठेवून सूटकेस बंद केली. मऊ जागा म्हणजे सुरक्षित जागा, असं तिला वाटलं. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. जुन्या फोटोचा पुठ्ठा म्हाताऱ्या माणसाच्या हाडासारखा असतो. त्याला गादी नको, फळी लागते. बहरीनला सूटकेस उघडली तेव्हा मी मोडलेला होतो. एक मोठा तुकडा, त्यात पाच माणसं. एक लहान तुकडा, त्यात एकटी आगाथा. साराचं मनगट मोठ्या तुकड्यावर राहिलं, बोटांची टोकं आगाथाच्या खांद्यावर राहिली, आणि मधला हात चुरा होऊन स्वेटरच्या लोकरीत गेला.

मार्टाने तो चुरा वेचायचा प्रयत्न केला. मग ती बराच वेळ जमिनीवर बसून राहिली.

तिथेच मनामा शहरात सिराज आणि नसीबा या नवराबायकोचा फोटो स्टुडिओ होता. दोघं रत्नागिरीकडची. पुढे गिऱ्हाइकांची सोय सिराज बघे. आत पडद्यामागे बायकांचे फोटो नसीबा काढी, कारण तिथल्या बायका पुरुषाकडून फोटो काढून घेत नसत. मागच्या खोलीत किसन बसे, वर्धेकडचा. ब्रश, पेन्सिल आणि भिंग घेऊन तो फोटो दुरुस्त करी. व्हिसाच्या फोटोंचा धंदा जोरात. शुक्रवारी तुबलीच्या गॅरेजांतून आणि मआमीरकडच्या कारखान्यांतून माणसं येत. खिळ्याला एक कोट आणि एक टाय टांगलेला असे, तोच सगळ्यांच्या अंगावर चढे. कुणाचे डोळे मिटले असतील तर किसन ते उघडून देई. मराठी मी शिकलो ती त्याच दुकानात. शेजारी बसलेल्यांची भाषा चिकटतेच.

बकरी ईदच्या थोडं आधी मार्टाने माझे दोन्ही तुकडे काउंटरवर ठेवले. लहान तुकड्यावर बोट ठेवून ती सिराजला इंग्रजीत म्हणाली, "ही माझी आई. जानेवारीत गेली. हिला नीट करून द्याल?"

"इंशाल्ला, मॅडम. फर्स्ट क्लास करून देतो," सिराज म्हणाला. मग मागे वळून त्याने हाक मारली, "किसनभाऊ, बाईची आई वारलीय. जीव लावून कर हो."

आणि किसनने जीव लावला. तिथेच सगळं चुकलं.

त्याच्या गावाकडे एक रीत आहे. माणूस गेलं आणि त्याचा वेगळा फोटो नसला, तर घोळक्याच्या फोटोतून त्याला एकटं काढतात. मागचं सगळं पुसतात, चेहरा उजळतात, मोठा करतात आणि चौकट लावून भिंतीवर टांगतात. मेलेल्याचा तो मान असतो. किसनला वाटलं, बाईला तेच हवंय. त्याने मोठा तुकडा पाकिटात घातला. लहान तुकड्याची कॉपी काढली, तिच्यावर आठवडाभर खपला. आगाथाच्या खांद्यावरची बोटांची टोकं पुसून तिथे झालर रंगवली. जड पापण्या उचलून दोन टपोरे डोळे काढले. सोनेरी चौकट लावली आणि सुट्टीहून येताना आणलेला चंदनाचा एक हार आपणहून तिच्यावर चढवला. नशीब, हे सगळं कॉपीवर होतं. मी टेबलावर पडून बघत होतो. मला हात असते तर त्याचा ब्रश मी धरला असता.

ईद झाल्यावर मार्टा आली. सिराजने चौकट काउंटरवर उभी केली आणि हात पाठीमागे बांधून कौतुकाची वाट बघत राहिला.

मार्टा बघत राहिली. मग तिने विचारलं, "ही कोण?"

"तुमची आई, मॅडम."

"ती एकटी का आहे?"

सिराजचे हात पाठीमागून पुढे आले.

"आणि हे डोळे?"

"ओपन केले, मॅडम. फ्री. त्याचा चार्ज नाय."

मार्टा आवाज चढवणारी बाई नव्हती. तिने हार काढला, नीट गुंडाळून बाजूला ठेवला आणि सांगायला लागली. खुपऱ्या, बंदर, छावणी, दोन वर्षं, आणि साराचं ते वाक्य. "डोळ्यांमुळे तिला आमच्यातून काढलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही डोळे बरे केलेत आणि तरीही तिला बाहेर काढलंत."

तिचा आवाज ऐकून नसीबा पडदा सारून बाहेर आली. पाठोपाठ किसन, कानावर पेन्सिल.

"काय झाला?" नसीबाने विचारलं.

"ह्यानं बाईच्या आयेला कुटुंबातून उचलून भाइर काढलान," सिराज म्हणाला. "तुला कोणी सांगितला होता रे एकटीचा काढायला?"

"काहून बोलता सिराजभाई? जीव लावून कर म्हणाले तुमीच! आमच्याकडं गेलेल्या माणसाचा एकट्याचाच लागते. माह्या मायचा तसाच केला म्या. एका लग्नातल्या फोटोतून काढला. तिचा दुसरा फोटोच नव्हता."

सिराजने ते मार्टाला इंग्रजीत सांगितलं. मार्टा किसनकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचा राग थांबला होता, गेला नव्हता. "त्या फोटोत तुमच्या आईजवळ कोण होतं?"

सिराजने प्रश्न मराठीत फिरवला.

"मी होतो," किसन म्हणाला. "कडेवर."

"मग तुम्ही कुठे गेलात?"

किसनने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. "म्या मलेच पुसलं, मॅडम. ब्रशावर हात चांगला बसला होता तवा. मी होतो हे काईच दिसत नाई आता."

बाहेर एक माणूस व्हिसाच्या फोटोसाठी कोट चढवून उभा होता, त्याला सिराजने थांबायची खूण केली.

शेवटी मार्टाने पाकिटातून माझा मोठा तुकडा काढला आणि लहान तुकड्याशेजारी ठेवला. "मला हिला परत न्यायचं आहे," ती म्हणाली. "तिच्या माणसांत. जुलैपर्यंत. हा मधला हात होईल का?"

किसनने भिंग लावलं. मनगट बघितलं, बोटांची टोकं बघितली, मधली पोकळी बघितली. "मनानं काढला तर खोटा दिसते," तो म्हणाला. "खरा हात पायजे समोर. बाईमाणसाचा. लेकराच्या खांद्यावर ठेवलेला."

"तो काय बाजारात मिळतो?" सिराज म्हणाला.

"माझा घ्या की!" नसीबा म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. हातावर मनगटापासून नखांपर्यंत ईदची मेंदी होती, काळीभोर.

किसनने कपाळावर हात मारला. "हे वेलबुट्टी कशी पुसू भाभी? पुसलं की हात बी जाते."

"तुमच्या भैनीनंच काढलीय," नसीबाने नवऱ्याला सुनावलं. "लिंबू लावून अर्धा तास बसवलान मला. मेली जाता जात नाय आता."

"मेंदी काळी चढली म्हणजे नवऱ्याचा जीव जास्त, मॅडम," सिराज मार्टाला म्हणाला. "बघा, माझा प्रेम आडवा आला."

मार्टा हसली. जानेवारीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. "उतरू दे," ती म्हणाली. "मी थांबेन. आमच्या घरात थांबायची सवय आहे."

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. आधी मेंदी बघायची, मग चहा प्यायची. नसीबा लिंबू घासायची, मीठ घासायची, भांडी मुद्दाम जास्त घासायची. सिराज सांगायचा, "हिच्या हातानं घर चकाचक झाला, मॅडम. अजून दोन महिने उतरली नाय तरी चालंल." एकदा मार्टाने विचारलं, इतक्यांचे फोटो काढता, तुमच्या घरी भिंतीवर कुणाचे आहेत? नसीबा म्हणाली, "कोणाचाच नाय. भिंतीवर घड्याळ नि काब्याचा फोटो. माणसांचे फोटो भिंतीवर लावू नयेत म्हणतात, ते कपाटात." मार्टाने मान हलवली. तिच्या आजीच्या काळी असंच म्हणत, असं ती म्हणाली. मला रशियातले ते वडीलधारे आठवले.

मे संपता संपता हात कोरा झाला. बांगड्या काढल्या. अंगठी साबण लावून काढली, कारण साराच्या हातात काही नव्हतं. नसीबाची मुलगी अरीबा शाळेतून आली होती. तिला पडद्यामागच्या खोलीत खुर्चीशेजारी उभं केलं. नसीबा खुर्चीवर बसली. कॅमेरा सिराजने धरला आणि किसन भिंगातून कधी मला, कधी त्या दोघींना बघत राहिला.

"हाऊ लाँग, मम्मी?" अरीबाने विचारलं.

"हो, झाला. हलू नको."

पहिले फोटो वाया गेले. नसीबाचा हात लेकीच्या खांद्यावर पाहुण्यासारखा बसला होता. किसन मान हलवत होता, "नाई भाभी. हा फोटोसाठी ठेवलेला हात वाटते. जुन्या फोटोतला तसा नाई." मार्टा कोपऱ्यात उभी होती. सिराज फिल्म पुढे सरकवत होता. तेवढ्यात अरीबाला बाहेर मैत्रिणीचा आवाज आला आणि ती "आय ॲम गोइंग" म्हणत पुढे झुकली. नसीबाने तिला तिथल्या तिथे दाबून धरलं. बोटं फ्रॉकच्या कापडात रुतली, मनगट ताठ झालं.

"यल्ला, सिराजभाई! आत्ताच!" किसन ओरडला.

मित्रांनो, मी शपथ घेत नाही, माझ्या माणसांची तशी रीत नाही. पण सांगतो, तो हात मी ओळखला. आगाथाला त्या दिवशी अंगणात डोळे चोळायचे होते, सारखी हलत होती, म्हणून साराने तिला असंच दाबून धरलं होतं.

किसनने माझे तुकडे एका नव्या जाड पुठ्ठ्यावर गव्हाच्या खळीने बसवले. माझ्यातली भेग त्याने तशीच ठेवली. मार्टाने तसं सांगितलं होतं, की मोडलं ते मोडलं. हात काढला तो प्रतींसाठीच्या मोठ्या कॉपीवर. मनगटापासून सुरू केला आणि बोटांच्या टोकांशी आणून जोडला. आगाथाचे डोळे त्याने हात न लावता सोडले. मग त्या कॉपीचा फोटो घेतला आणि जितकी घरं तितक्या प्रती काढल्या. सहा माणसं, जागच्या जागी. आपल्या आईचा लग्नातला तो मूळ फोटो कुणाकडे शिल्लक आहे का, हे विचारायला त्याने त्याच संध्याकाळी गावी फोन लावला. मामाच्या पेटीत असेल, असं बहिणीने सांगितलं.

जून अखेर मार्टा प्रती घ्यायला आली. तिने एक प्रत उचलली. आधी हाइनरिख बघितला, मग मुलगे, मग सारा, लीसे, आणि मग बराच वेळ आगाथा. खांद्यावरच्या हातापाशी तिचा अंगठा थांबला. ती रडली. आवाज न करता, पण लपवूनही नाही. नसीबाने तिला खुर्ची दिली आणि सिराजला खुणेने बाहेर पाठवलं.

मग मार्टाने पर्समधून पेन्सिल काढली. एकेक प्रत पालथी करून ती मागे नावं लिहायला लागली. माझ्या मागे कधीच कोणी काही लिहिलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक आहेच की, म्हणून. हाइनरिख, पीटर, योहान, सारा, लीसे, आगाथा. साराच्या नावापुढे ती थांबली.

"तुमचं नाव इंग्रजीत कसं लिहिता?" तिने विचारलं.

"माझा? माझा नाव कशाला?" नसीबा दचकली.

"हात तुमचा आहे. आमच्यात खोटं चालत नाही. उद्या एखादं पोर विचारेल, हे सगळं खरं का?"

"लोक हसतील हो बाय तुम्हाला. रशियाची आजी नि हात बहरीनचा."

"बहरीनचा काय?" पडद्यापलीकडून सिराज ओरडला. "रत्नागिरीचा लिवायला सांग!"

मार्टाने प्रत्येक प्रतीच्या मागे लिहिलं: सारा उंगर. उजवा हात नसीबाचा, रत्नागिरी. एक प्रत तिने नसीबाला दिली. ती कपाटात गेली असणार. बाकीच्या प्रती आणि मी, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये बांधून, सूटकेसमध्ये नव्हे तर मार्टाच्या मांडीवर बसून कॅनडाला आलो. लीसे मावशीने चष्मा लावला, आगाथावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आहे." एवढंच. हाइनरिखला एवढंच हवं होतं.

तर मित्रांनो, आता माझं ऐका. आज घरी गेल्यावर कपाटातला, ट्रंकेतला, पलंगाखालच्या पेटीतला एक जुना फोटो काढा. कडेला धरा, चेहऱ्यांवर बोटं लावू नका. त्यातून कुणाला कापून वेगळं करू नका, कितीही चांगल्या हेतूने असो. मग तो पालथा करा. मागची बाजू कोरी असेल तर घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा, ही कोण, तो कोण, हात कुणाचा. सांगतील ते पेन्सिलीने लिहा, हलक्या हाताने. ते झोपले असतील तर उठायची वाट बघा. पण उद्यावर ढकलू नका.